सायक्लोहेक्झेनपर्यंत कोण पोचतं? संगणकीय बीजगणिताचं एक पाठ्यपुस्तक आणि आपले वर्ग

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या वेळी मी म्हटलं होतं की पुढचं व्याख्यान एका पुस्तकावर असेल. पुस्तकाचं नाव ‘मॉडर्न कॉम्प्युटर अल्जिब्रा’. लेखक योआखिम फॉन त्सुर गाथेन आणि युर्गेन गेरहार्ड. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसनं १९९९ साली काढलं, दुसरी आवृत्ती २००३ची, तिसरी २०१३ची. जवळजवळ ८०० पानं. विद्यापीठात हा विषय कुठेही शिकवला जात असेल, तर संदर्भग्रंथांच्या यादीत हे नाव असण्याची शक्यता फार मोठी. म्हणून आज या पुस्तकाची परीक्षा घेऊ, आणि त्याच्या आडून हा विषय शिकवण्याच्या आपल्या पद्धतीचीही.

विषय म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत सगळेच गणितवाले नसतात. साधा कॅल्क्युलेटर एक तृतीयांश म्हणजे ०.३३३३३ लिहून मोकळा होतो. संगणकीय बीजगणित तसं करत नाही. ते एक तृतीयांश हा अपूर्णांक म्हणूनच ठेवतं, वर्गमूळ दोनला वर्गमूळ दोनच म्हणतं, आणि अक्षरं घेऊन काम करतं: बहुपदींचे अवयव पाडणं, मसावि काढणं, समीकरणं सोडवणं, संकलन करणं. थोडक्यात, शाळेत आपण वहीत जे करत होतो ते, पण हजार पदांच्या बहुपदींवर आणि चूक न करता. ते करणाऱ्या रीती कशा चालतात आणि त्यांना किती वेळ लागतो, हा अभ्यासाचा विषय.

आता पुस्तक. त्याचे पाच भाग आहेत आणि प्रत्येकाला एका गणितज्ञाचं नाव: युक्लिड, न्यूटन, गाउस, फर्मा, हिल्बर्ट. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्या माणसाचं छोटं चरित्र. (इथे आपल्याकडचा वाचक लगेच म्हणणार की युक्लिड ठीक आहे, पण कुट्टकाचं काय? आर्यभटानं ४९९ साली दिलेली, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आणि ‘बीजगणिता’त स्वतंत्र प्रकरण मिळालेली ती रीत म्हणजे ज्याला आज विस्तारित युक्लिड म्हणतात तेच काम. म्हणणं बरोबर आहे. पण पुस्तकाच्या विभागांची नावं हा काही इतिहासाचा निवाडा नव्हे, त्यामुळे मी त्यावर भांडत नाही.)

पहिलं प्रकरण वाचताना माणूस खूश होतो. ते सुरू होतं रसायनशास्त्रापासून. सायक्लोहेक्झेन, सहा कार्बन अणूंची कडी. बंधांची लांबी ठरलेली, दोन बंधांमधला कोन ठरलेला. मग ती कडी अवकाशात कुठकुठले आकार घेऊ शकते? रसायनवाल्यांना ठाऊक आहे: एक खुर्चीसारखा, ताठ, जागचा न हलणारा. दुसरा होडीसारखा, आणि तो लवचीक, एका रूपातून दुसऱ्या रूपात सरकत जाणारा. लेखक म्हणतात, हे बहुपदींच्या समीकरणांत मांडू या. आणि दिसतं असं की खुर्ची म्हणजे एक सुटा बिंदू आणि होडीची रूपं म्हणजे एक अख्खा वक्र. कोरडा विषय हातात घेतलेल्या विद्यार्थ्याला याहून चांगलं आमंत्रण मला माहीत नाही.

पण हे कोडं सोडवलं जातं कुठे? चोविसाव्या प्रकरणात. म्हणजे शेवटच्या. मध्ये युक्लिड, वेगवान गुणाकार, अवयव, लॅटिस, मूळ संख्यांच्या कसोट्या, कूटलेखन, हे सगळं. एका सेमिस्टरमध्ये पंधरा-सोळा आठवडे मिळतात, त्यातले दोन परीक्षेत आणि एखादा सुट्ट्यांत जातो. पहिल्या पानापासून ओळीनं जाणारा शिक्षक फार तर गाउसच्या भागात पोचतो. खुर्ची आणि होडीचं वचन पहिल्या दिवशी देतो आणि विद्यार्थ्याला ते पाळल्याचं कधीच दिसत नाही. संदर्भग्रंथ म्हणून पुस्तक लागेल तिथे उघडावं, त्यात दोष नाही. पण अभ्यासक्रम म्हणून ही रचना घेतली तर ती वेगाच्या बाजूनं कलते, आणि हिल्बर्टचा भाग, म्हणजे सामान्य माणूस ज्यासाठी ही सॉफ्टवेअर उघडतो तो भाग, बाहेरच राहतो. माझी पहिली तक्रार ही.

आता पुस्तकाचं जे सर्वांत मोठं बळ आहे त्याकडे येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. पाचवं आणि सहावं प्रकरण.

मसावि आपण सगळ्यांनी सातवी-आठवीत काढलाय. मोठ्याला लहानानं भागा, बाकी घ्या, मग लहानाला बाकीनं भागा, शून्य येईपर्यंत. बहुपदींनाही हीच रीत लागू पडते. मग यात शिकण्यासारखं काय? ते बघायला डोनाल्ड कनूथ यांनी १९६९च्या त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात दिलेलं उदाहरण घेऊ. पहिली बहुपदी: क्षचा आठवा घात, अधिक सहावा घात, उणे ३ वेळा चौथा घात, उणे ३ वेळा घन, अधिक ८ वेळा वर्ग, अधिक २ क्ष, उणे ५. दुसरी: ३ वेळा सहावा घात, अधिक ५ वेळा चौथा घात, उणे ४ वेळा वर्ग, उणे ९ क्ष, अधिक २१. सहगुणक बघा, सगळ्यात मोठा २१.

अपूर्णांक टाळण्यासाठी दर भागाकाराआधी योग्य संख्येनं गुणून घ्यायचं, म्हणजे सगळं पूर्णांकात राहतं. पहिली बाकी सभ्य येते, त्यात सगळ्यात मोठा अंक १५. दुसऱ्या बाकीत सहगुणक १५,७९५, ३०,३७५ आणि ५९,५३५. तिसरीत पहिलाच सहगुणक १२५४५४२८७५१४३७५०. सोळा अंकी. आणि चौथी, शेवटची बाकी, जिच्यात क्षच उरत नाही, ती आहे

१२५९३३३८७९५५००७४३१००९३११४१९९२१८७५००.

मोजा, पस्तीस अंक आहेत. आणि या पस्तीस अंकी राक्षसाचा अर्थ काय? एवढाच की मसावि १ आहे. दोघींत सामाईक काहीच नाही. (हशा) डोंगर पोखरला आणि उंदीरसुद्धा नाही.

दोष रीतीचा नाही, रीत बरोबरच आहे. मधल्या पायऱ्या फुगतात. बहुपदींची कोटी आठ ऐवजी ऐंशी असती तर काय झालं असतं याचा विचार करा. संगणकीय बीजगणित हा वेगळा विषय का झाला, याचं उत्तर या एका उदाहरणात आहे. १९६७च्या सुमारास जॉर्ज कॉलिन्स आणि १९७१ साली डब्ल्यू. एस. ब्राऊन यांनी यावर काम केलं. एक वाट अशी की प्रत्येक पायरीला कुठल्या संख्येनं भाग जाणारच आहे हे आधीच ओळखून भागून टाकायचं. मग तीच शेवटची बाकी २,६०,७०८ येते. सहा अंकी. ठीक आहे, माणसात आली.

दुसरी वाट मला जास्त आवडते, आणि ती आत्ता आपण तोंडी करू. सगळे सहगुणक ५नं भागून फक्त बाकी ठेवायची. घड्याळाचं गणित, पण पाच तासांचं घड्याळ. दुसऱ्या बहुपदीतलं ५ वेळा चौथा घात हे पदच उडालं, उणे ४चा झाला १, उणे ९चा १, २१चा १. पहिली बाकी काढा: ४ वेळा वर्ग अधिक ३. चारानं गुणा, म्हणजे वर्ग अधिक २. आता या ‘वर्ग अधिक २’नं दुसऱ्या बहुपदीला भागा. बाकी येते नुसता क्ष. आणि क्षनं ‘वर्ग अधिक २’ला भागलं की उरतात २. संपलं. पाच तासांच्या घड्याळावर सामाईक काही नाही.

मग पूर्णांकात? पूर्णांकात सामाईक अवयव असताच, तर तो पहिल्या बहुपदीचाही अवयव असता. तिच्या सर्वांत वरच्या घाताचा सहगुणक १ आहे, म्हणून त्या अवयवाचाही वरचा सहगुणक एक किंवा उणे एकच. तो ५नं भागून नाहीसा होत नाही. म्हणजे तो अवयव घड्याळावरही दिसला असता. दिसला नाही, म्हणून नाहीच. पस्तीस अंकी संख्येचं काम तीन ओळींत.

आणि लगेच दुसरी बाजू. ५ ऐवजी २ घेतला असता तर? दोन तासांच्या घड्याळावर या दोघींत ‘वर्ग अधिक क्ष अधिक १’ हा अवयव खरोखर सामाईक निघतो! घड्याळ खोटं बोललं. अशा मूळ संख्यांना अशुभ म्हणतात, आणि त्या कोणत्या हे ती सहा अंकी बाकी सांगते: २,६०,७०८ला जी मूळ संख्या भागते तीच अशुभ ठरू शकते. म्हणजे अशा संख्या मूठभरच, बाकी सगळ्या शुभ. सहाव्या प्रकरणात हे सगळं सिद्धतेसकट, नेमक्या मर्यादांसकट मांडलंय. कुठे घाई नाही, कुठे हात झटकणं नाही. पुस्तकाला मी जे गुण देतो त्यातले निम्मे इथले.

आता आपले वर्ग बघा. परीक्षेत प्रश्न येतो: युक्लिडच्या रीतीनं पुढील बहुपदींचा मसावि काढा. आणि बहुपदी कशा देतात? तीन ओळींत सुटतील अशा, गोड उत्तर येईल अशा. पेपर काढणाऱ्याची अडचण मला कळते, पस्तीस अंकी संख्या हातानं लिहायला कोण सांगणार. पण परिणाम असा की ज्या अडचणीतून हा विषय जन्मला ती विद्यार्थ्याला दिसतच नाही. त्याला वाटतं, हे तर शाळेतलंच, नावं मोठी. मग पाचवं-सहावं प्रकरण त्याला निष्कारण अवघड वाटतं, आणि तो मर्यादांची सूत्रं पाठ करून लिहितो. रोग न दाखवता औषधांची नावं पाठ करून घेणं म्हणतात ते हे. आणि पाचाच्या घड्याळाचं गणित तर पेपरात सहज बसण्यासारखं आहे! तेवढंच विचारलं जात नाही.

न्यूटनच्या भागाबद्दल थोडक्यात. वेगवान गुणाकाराची गोष्ट तुम्हाला माहीत असेल: १९६० साली मॉस्कोत कोल्मोगोरोव यांनी आपल्या परिसंवादात अंदाज मांडला की न अंकी दोन संख्यांच्या गुणाकाराला नच्या वर्गाच्या प्रमाणात काम लागणारच, आणि काही दिवसांत तेवीस वर्षांच्या कारात्सुबानं तो अंदाज मोडला. तिथून सुरू होऊन पुस्तक फूरिये रूपांतरापर्यंत जातं आणि मग सगळं, भागाकार, मसावि, किंमती काढणं, त्या वेगवान गुणाकारावर उभं करतं. बांधकाम सुंदर आहे. माझी कुरकुर इतकीच की हिशोब करताना लॉगॅरिदमचे घटक आणि स्थिरांक चिन्हाआड झाकले जातात, आणि विद्यार्थ्याचा समज होतो की ज्याचं सूत्र लहान ती रीत वेगवान. लहान संख्यांवर शाळेतला गुणाकारच जिंकतो. टोकाचं उदाहरण: डेव्हिड हार्वी आणि योरिस फान डेर हूवन यांनी २०१९ साली जाहीर केलेली न गुणिले लॉग न इतक्या वेळात गुणाकार करणारी रीत. सिद्धांत म्हणून शिखर. पण त्यांच्या मांडणीत ती लागू व्हायला संख्येत निदान इतके अंक हवेत: दोनाचा घात, आणि तो घात म्हणजे १७२९चा बारावा घात. विश्वात मावणार नाही. (१७२९ त्यांनी कुणाची आठवण म्हणून घेतला ते सांगायला नको.) वर्गात वेग सूत्रावरून सांगू नका, घड्याळ लावून मोजून दाखवा. प्रत्येक प्रयोगशाळेत एक तास पुरतो.

गाउसच्या भागातला एकच दाखला देतो, कारण तो शिकवताना मला नेहमी उपयोगी पडतो. क्षचा चौथा घात अधिक १. पूर्णांकात याचे अवयव पडत नाहीत. पण कुठलंही मूळ संख्येचं घड्याळ घ्या, अवयव पडतात. तीनाच्या घड्याळावर: वर्ग अधिक क्ष अधिक २, गुणिले वर्ग अधिक २ क्ष अधिक २. पाचाच्या: वर्ग अधिक २ गुणिले वर्ग उणे २. साताच्या: वर्ग अधिक ३ क्ष अधिक १, गुणिले वर्ग उणे ३ क्ष अधिक १. करून बघा. म्हणजे मसावित ज्या युक्तीनं तीन ओळींत काम झालं, तीच युक्ती इथे कायम दिशाभूल करते. तुकडे जोडून बघावे लागतात, आणि तुकडे पुष्कळ असले तर जोड्या बेसुमार होतात. १९८२ साली लेन्स्ट्रा, लेन्स्ट्रा आणि लोवाझ यांनी लॅटिसमधले लहान सदिश शोधून यातून वाट काढली. हे प्रकरण पुस्तकात उत्तम आहे.

इथे एक गोष्ट मात्र कुणी स्पष्ट सांगत नाही. यंत्रानं अवयव दिले तर ते गुणून तपासता येतात. यंत्र म्हणालं ‘अवयव पडत नाहीत’, तर काय तपासणार? संकलनाचं उत्तर दिलं तर विकलन करून बघा. ‘याचं उत्तर प्राथमिक फलांत नाही’ असं म्हणालं तर? होकार तपासायला सोपा, नकार अवघड. कोणत्या उत्तराबरोबर पुरावा येतो आणि कोणत्या उत्तरावर नुसता विश्वास ठेवायचा, हा प्रश्न घेऊन अख्खा अभ्यासक्रम बांधता येईल. पुस्तकात सिद्धता आहेत, खर्चाचे हिशोब आहेत, पण वापरणाऱ्याच्या खुर्चीत बसून विचारलेला हा प्रश्न नाही.

आणि आता माझी मुख्य तक्रार. विद्यार्थी सॉफ्टवेअर उघडतो तेव्हा पहिली कळ कोणती दाबतो? ‘सोपं कर’. दुसरी ‘सोडव’. पुस्तकाच्या चोवीस प्रकरणांत सोपं करण्यावर एकही स्वतंत्र प्रकरण नाही. याला कारण आहे: नेटकी बीजगणिती रचना घेतली की बहुपदी शून्य आहे का हे सहज कळतं, तिथे अडचण नाही. पण साईन, घातांकी फल, निरपेक्ष किंमत, पाय, लॉग दोन, एवढं सामान एकत्र आलं की एखादी राशी शून्य आहे का हे नेहमी ठरवून देणारी रीत असूच शकत नाही. डॅनियल रिचर्डसन यांनी १९६८ साली हे दाखवलं. ज्या कळीवर सगळ्यात जास्त बोटं पडतात, तिच्यामागे हे आहे.

याहून साधी गोष्ट घ्या. क्ष भागिले क्ष बरोबर १. यंत्र हे बेधडक करतं, आणि बीजगणिताच्या नियमांनी ते अगदी बरोबर आहे, कारण तिथे क्ष हे चिन्ह आहे, त्याला किंमत नाही. विद्यार्थ्याच्या मनात मात्र क्ष ही संख्या असते, आणि ती शून्य असू शकते. ‘अ गुणिले क्ष बरोबर ब’ सोडवायला सांगा, बहुतेक पॅकेजेस ‘ब भागिले अ’ देतात. अ शून्य असेल तर? त्याबद्दल अवाक्षर नाही. एखादा अभियंता हेच सूत्र पुढच्या प्रोग्रॅममध्ये घालतो, आणि नेमकी अ शून्य होण्याचीच परिस्थिती त्याच्या यंत्रात धोक्याची असते. इथे यंत्रानं चूक केलेली नाही. यंत्र एका भाषेत बोललं, माणसानं दुसऱ्या भाषेत ऐकलं. या दोन भाषांमधला फरक शिकवणं हे विद्यापीठाचं काम, कारण सॉफ्टवेअरची पुस्तिका ते करत नाही. आणि आपल्याकडे तेच गळतं. गणित विभागाला वाटतं हा प्रोग्रॅमिंगचा विषय, संगणक विभागाला वाटतं हे शुद्ध गणित. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत.

हिल्बर्टच्या भागाबद्दल उरलेलं. ग्रोबनर पाया ही कल्पना ब्रूनो बुखबर्गर यांनी १९६५ साली इन्सब्रुकला पीएचडीसाठी मांडली आणि आपल्या मार्गदर्शकाचं नाव तिला दिलं. अनेक चलांच्या बहुपदींसाठी युक्लिड आणि गाउसचं निरसन यांचं एकत्र रूप म्हणा. तिचा खर्च वाईटात वाईट वेळी किती चढतो हे मायर आणि मायर (आडनावं वेगळी लिहिली जातात, उच्चार जवळचे) यांनी १९८२ साली दाखवलं: घाताचा घात. तरीही व्यवहारात ती चालते, आणि का चालते हे फार मनोरंजक आहे. पुस्तक याला एक प्रकरण देतं. पुरेसं नाही. कॉक्स, लिटल आणि ओशी यांचं १९९२चं ‘आयडियल्स, व्हरायटीज अँड अल्गोरिदम्स’ इथे सरळ सरस आहे: चित्रं, उदाहरणं, पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेल अशी चाल. मी अभ्यासक्रम आखला तर गाथेन-गेरहार्डची पाचवं, सहावं आणि पंधरावं ही प्रकरणं घेईन, ग्रोबनर पाया कॉक्सकडून, आणि सहाव्या आठवड्यातच सायक्लोहेक्झेन सोडवून दाखवीन. साधनांना पैसे लागत नाहीत. सेज, पारी, सिंग्युलर, सिमपाय सगळी फुकट आहेत, आणि आतला कोड उघडून वाचता येतो. महागड्या पॅकेजमध्ये तो वाचता येत नाही, हा विद्यार्थ्याच्या दृष्टीनं किमतीहून मोठा फरक.

एक प्रश्न आलाय: “सर, पुस्तक एवढं मोठं आहे, नोकरी करून वाचायचं तर कुठून सुरू करू?” सहाव्या प्रकरणापासून. अडलं तर मागे पाचव्यात जा. आणि वाचण्याआधी मघाच्याच दोन बहुपदी घ्या, या वेळी साताच्या घड्याळावर. तोही अशुभ आहे, २,६०,७०८ला ७नं भाग जातो. दोन्ही बहुपदींत क्षच्या जागी ४ घाला. पहिलीत ७च्या पटीत उत्तर येतंय का बघा, मग दुसरीत. पुढचा प्रश्न घेऊ.